कॉकटेलची नावे नकोत, बर्फाचे बोला! बार हेल्परच्या मुलाखतीत नेमके काय विचारतात?

पावसाळ्यातील गर्दीचे वेध लागले की लोणावळ्यातील हॉटेल आणि रिसॉर्टना जादा माणसे लागतात. किचन, हाऊसकीपिंगच्या जोडीला ‘बार हेल्पर’ किंवा ‘बारबॅक’ ही जागाही असते. पवन, नाणे किंवा आंदर मावळातील मुलगा या मुलाखतीला निघाला, की यूट्यूबवर कॉकटेलची नावे पाठ करतो. ती बहुधा उपयोगी पडत नाहीत.

हे काम नेमके काय?

पेग भरायचे काम बारटेंडरचे. हेल्परने बर्फ भरायचा, ग्लास धुऊन पुसायचे, स्टोअरमधून क्रेट आणायचे, लिंबू-पुदिना तयार ठेवायचा, रिकाम्या बाटल्या मोजून बाजूला काढायच्या. शनिवारी रात्री बर्फ संपला, तर बारटेंडर कितीही कसलेला असो, काउंटर थांबतो. चव घेण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे माळकरी घरातील मुलाने ‘मी पीत नाही’ हे सांगताना संकोचू नये.

कोणते प्रश्न येऊ शकतात?

‘बर्फाच्या पेटीजवळ ग्लास फुटला तर काय कराल?’ या प्रश्नाची तयारी आधी करा. ‘तुकडे वेचून काढीन’ हे उत्तर चुकीचे. बर्फात काच दिसत नाही आणि एक कपचीही ग्राहकाच्या घशात जाऊ शकते. तो बर्फ वापरणे तिथेच थांबवायचे, बारटेंडरला सांगायचे, सगळा बर्फ वितळवून पेटी धुऊन पुसायची आणि मगच नवा बर्फ भरायचा. बर्फ ग्लासने न काढता स्कूपनेच काढायचा, तोही याच कारणासाठी.

हिशेबही विचारला जातो. छोटा पेग 30 मिलिलिटर, मोठा 60. म्हणजे 750 मिलिलिटरच्या बाटलीत 25 छोटे पेग, 180 च्या क्वार्टरमध्ये 6. गणित पाचवीचे आहे, पण समोर मॅनेजर बसला की अडखळायला होते.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट 21 वर्षे, तर व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी 25 वर्षे आहे. पुण्यात 19 मे 2024 रोजी कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन चालकाच्या पोर्शे कारने दोघांचा बळी घेतला आणि त्याला मद्य दिल्याच्या आरोपावरून बारवरही कारवाई झाली. ग्राहक लहान वाटला तर वाद न घालता मॅनेजरला सांगेन, हे उत्तर पुरेसे आहे.

तुम्ही काय विचाराल?

मद्यविक्रीच्या कामावरील नोकरांसाठी परवानाधारकाने उत्पादन शुल्क विभागाकडून नोकरनामा घ्यायचा असतो. ‘माझा नोकरनामा काढणार का?’ हे स्पष्ट विचारा. वयाचा पुरावा सोबत न्या. टिप्स कशा वाटतात, आठवड्याची सुट्टी कधी (शनिवार-रविवार विसरा), पगारातून ईएसआय कापले जाते का, हेही विचारा. ईएसआयसाठी पगाराची मर्यादा महिना 21 हजार रुपये आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र रात्री घरी जाण्याचा. काउंटर आवरेपर्यंत पुण्याकडची शेवटची लोकल गेलेली असते. पवनानगरच्या मुलाला तर कामशेतहूनही पुढे रस्त्यानेच जावे लागते आणि पावसात मध्यरात्री दुचाकीवर तो रस्ता कसा असतो, हे तिकडच्यांना सांगायला नको. हॉटेल गाडी देणार की राहायला खोली, हे पगाराच्या आकड्याआधी विचारा. खोली देणार असतील, तर होकार देण्यापूर्वी ती एकदा पाहून या.