कचेरीची बदली

मुलांनो, बदली हा शब्द तुम्हाला नवा नाही. गुरुजींची बदली होते, तलाठ्यांची होते, बँकेतल्या साहेबांची होते. आमच्या अंबडच्या शाळेत दर वर्षी एक-दोन मुलं तरी अशी असतात, की त्यांचं नाव वर्षाच्या मध्येच हजेरीतून कमी करावं लागतं. आईची नाहीतर वडिलांची बदली झालेली असते. दाखला न्यायला आलेल्या मुलाचे डोळे भरून येतात, आमचेही येतात. पण थोड्याच दिवसांत त्या साहेबांच्या जागी दुसरे साहेब येतात आणि कधीकधी त्यांचीच मुलगी त्याच बाकावर येऊन बसते.

आता मी तुम्हाला जरा निराळा प्रश्न विचारते. माणसाची नाही, अख्ख्या कचेरीचीच बदली झाली तर? मग तिच्या जागी कोण येणार?

आपल्या जिल्ह्याचीच गोष्ट

आधी घरातलं उदाहरण घेऊ. 1981 सालापर्यंत जालना हा जिल्हा नव्हता. अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. कलेक्टर कचेरीत काम निघालं, की अंबडच्या माणसाला जालन्याला जाऊन तिथून आणखी 60 किलोमीटर पुढं जावं लागे. सकाळी भाकरी बांधून निघायचं आणि काम झालं तर रात्री परतायचं. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला. कलेक्टर कचेरी पंचवीस-तीस किलोमीटरवर आली. दुपारी गेलेला माणूस संध्याकाळी घरी जेवायला येऊ लागला.

कचेरी जवळ आली तेव्हा एवढा फरक पडला. मग ती लांब गेली तर काय होत असेल?

शाखा वेगळी, हेड ऑफिस वेगळं

तुम्ही आजोबांबरोबर बँकेत जाता ना? पासबुक भरून घेता, पैसे काढता. ती बँकेची शाखा. पण बँकेचं एक मुख्य कार्यालय असतं, त्याला सगळे हेड ऑफिस म्हणतात. नवी शाखा कोणत्या गावात काढायची, मोठं कर्ज कोणाला द्यायचं, किती माणसं नोकरीला घ्यायची, हे सगळं तिथं ठरतं. शाखा म्हणजे हातपाय म्हणा आणि हेड ऑफिस म्हणजे डोकं.

हे डोकं ज्या गावात असतं, त्या गावाला त्याचा मोठा आधार असतो. कसा, ते गणितानं पाहू. वही घ्या. समजा, एका हेड ऑफिसात 200 माणसं आहेत. प्रत्येक जण बाहेरच्या टपरीवर दिवसाला दोन कप चहा घेतो. कप 10 रुपयांचा. दिवसाचे किती झाले? 4,000 रुपये. महिन्याचे कामाचे दिवस 25 धरा. झाले एक लाख रुपये! हा नुसता चहा. अजून खानावळ, रिक्षा, झेरॉक्सचं दुकान, भाड्याच्या खोल्या, शिकवण्या आपण मोजल्याच नाहीत.

हेड ऑफिस हललं, की साहेबांना बदलीचं पत्र मिळतं. चहावाल्याला मात्र कोणी पत्र देत नाही.

कोल्हापूरहून मुंबईला

महाराष्ट्रात असं खरोखर घडलं आहे. 1943 साली कोल्हापुरात रत्नाकर बँक सुरू झाली. कोल्हापूर-सांगली भागातले व्यापारी, शेतकरी, छोटे कारखानदार तिचे खातेदार. पुढं 2010 नंतर बँकेनं देशभर पसरायचं ठरवलं, बाहेरून मोठं भांडवल आणलं आणि कारभार मुंबईतून चालू लागला. 2014 साली नावही बदलून आरबीएल बँक झालं. आज या बँकेला दोन पत्ते आहेत. नोंदणीचं कार्यालय कोल्हापुरात आहे आणि जिथून कारभार चालतो ते कार्यालय मुंबईत.

शेजारच्या जिल्ह्यांत तर डोकंच दुसऱ्या बँकेत मिसळून गेलं. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक अडचणीत आली आणि 2006 साली आयडीबीआय बँकेत विलीन झाली. 1916 सालची सांगली बँक 2007 साली आयसीआयसीआय बँकेत गेली. दोन्ही मोठ्या बँकांची मुख्य कार्यालयं मुंबईत. सातारा-सांगलीत शाखा राहिल्या, पण तिथलं हेड ऑफिस संपलं.

आणि आपल्या मराठवाड्याचं? आजी-आजोबांना विचारा, ते 'हैदराबाद बँक' म्हणतील. निजामाच्या राज्यात 1941 साली ही बँक स्थापन झाली. त्या राज्याचं चलन निराळं होतं, लोक त्याला हाली सिक्का म्हणत. पुढं तिचं नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झालं. मराठवाडा महाराष्ट्रात आला, तरी गावोगावी तिच्या पाट्या राहिल्या. 1 एप्रिल 2017 रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पाट्या बदलल्या, पासबुकं बदलली आणि आधी हैदराबादला होणारे मोठे निर्णय मुंबईला होऊ लागले.

सगळे मोठ्या शहराकडेच का पळतात?

मुंबईचं पाहा. देशातल्या सगळ्या बँकांवर देखरेख ठेवणारी रिझर्व्ह बँक 1935 साली सुरू झाली तेव्हा तिचं मध्यवर्ती कार्यालय कलकत्त्याला होतं. 1937 साली ते कायमचं मुंबईला आलं. शेअर बाजार मुंबईत, मोठ्या कंपन्या मुंबईत, विमानतळ मुंबईत. बाजाराच्या दिवशी भाजीवाली भाजीवालीशेजारीच बसते, कारण गिऱ्हाईक तिथंच येतं. बँकांचंही तसंच आहे.

पण मोठ्या शहरात जागा महाग, गर्दी फार. म्हणून काही जण उलटेही जातात. अमेरिकेत न्यूयॉर्कपासून आगगाडीनं तासाभरावर स्टॅमफर्ड नावाचं गाव आहे. एक मोठी स्विस बँक 1990 नंतरच्या काळात न्यूयॉर्क सोडून तिथं आली. तिचं आजचं नाव यूबीएस. तिनं शेअर-रोख्यांचे सौदे करायला सुमारे एक लाख चौरस फुटांचं दालन बांधलं, मध्ये एकही खांब नाही! हजारो माणसं तिथं कामाला येऊ लागली.

मग 2011 साली बातमी फुटली, की बँक पुन्हा न्यूयॉर्कला जायच्या विचारात आहे. तरुण नोकरदारांना राहायला मोठं शहरच हवं होतं, रोजचा प्रवास नको होता. स्टॅमफर्डमध्ये घबराट झाली. शेवटी तिथल्या राज्य सरकारनं बँकेला 2 कोटी डॉलरचं कर्ज देऊ केलं. अट अशी, की निदान 2,000 नोकऱ्या पाच वर्षं तिथं ठेवायच्या. अट पाळली तर कर्ज माफ! म्हणजे जाऊ नका, म्हणून सरकारनंच पैसे मोजले. बँक थांबली, पण लहान होत गेली. 2016 साली ते प्रचंड दालन सोडून समोरच्या इमारतीत गेली.

त्या रिकाम्या इमारतीत आता कोण आहे, ओळखा पाहू? तुमच्यापैकी निम्मी मुलं ज्यांच्या कुस्त्या टीव्हीवर पाहतात, ती डब्ल्यूडब्ल्यूई कंपनी! 2023 साली तिचं मुख्य कार्यालय तिथं आलं.

दोन्ही बाजू पाहा

वाचताना तुम्हाला वाटलं असेल, की मोठं शहर नेहमी लुटतं आणि आपण नेहमी गमावतो. थांबा. 1 मे 2025 रोजी महाराष्ट्रातल्या दोन ग्रामीण बँका एकत्र केल्या. एकीचं हेड ऑफिस नागपूरला होतं, दुसरीचं छत्रपती संभाजीनगरला. आता एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक आहे आणि तिचं हेड ऑफिस संभाजीनगरला आहे. म्हणजे या वेळी मिळालं ते मराठवाड्याला आणि गेलं ते नागपूरचं. आपल्याला आनंद झाला, पण नागपूरच्या एखाद्या टपरीवर तेव्हा काय बोलणं चाललं असेल, याचाही विचार करावा.

माझा एक मावसभाऊ एका बँकेच्या हेड ऑफिसात कारकून होता. त्याचं ऑफिस शहरात हललं. मुलगी दहावीला, आई अंथरुणाला खिळलेली. तो एकटाच गेला, दोन वर्षं खोली घेऊन राहिला आणि दर शनिवारी रात्रीच्या एसटीनं यायचा. त्याला बढतीही तिथंच मिळाली, मुलगी पुढं त्याच शहरात शिकली. "चांगलं झालं की वाईट?" असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "पगाराला चांगलं झालं, ताई. पण आईजवळ बसायचे दिवस गेले, ते काही परत आले नाहीत."

बँकेनं हिशोब केला तेव्हा भाडं, पगार, प्रवास सगळं मांडलं असणार. हे दिवस कोणत्या रकान्यात मांडायचे? तुम्ही मोठेपणी अशा खुर्चीवर बसलात, तर निर्णय जरूर घ्या, कधीकधी जाणंच शहाणपणाचं असतं. पण सही करण्याआधी एक रकाना आणखी आखा. त्यात चहावाला असू द्या, दहावीतली मुलगी असू द्या आणि अंथरुणावरची आजीसुद्धा.

करून पाहा

आपल्या गावातल्या पाच कचेऱ्यांची नावं वहीत लिहा. बँक, एसटी, वीज, पोस्ट, दूध संघ, काहीही चालेल. प्रत्येकीचं मुख्य कार्यालय कोणत्या गावाला आहे, ते पाटीवरून किंवा पासबुकावरून शोधा. मग त्यातली एक कचेरी उद्या गेली तर गावातल्या कोणाकोणाचं काम थांबेल, त्यांची यादी करा. यादी तुम्हाला वाटते त्यापेक्षा लांब होईल. आमच्या वर्गानं एका बँकेच्या साध्या शाखेची यादी केली, तर फळ्यावर जागा पुरली नाही!