वायदा आणि ऑप्शन : पहिला सौदा करण्यापूर्वी

शेअर बाजार म्हणजे दलाल स्ट्रीट, हे समीकरण केव्हाच मागे पडले आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतील पाळी संपवून सरावलीच्या खोलीवर परतणारा तरुण कामगार असो किंवा बोईसरहून लोकलने मुंबईकडे निघालेला नोकरदार, हातातील मोबाइलवर निफ्टीचे आकडे पाहणे आता कोणालाच नवलाचे राहिलेले नाही. समभागांची साधी खरेदी-विक्री थोडीफार अंगवळणी पडली की लक्ष वळते ते 'एफ अँड ओ'कडे, म्हणजेच फ्युचर्स आणि ऑप्शन्सकडे. 'थोड्या पैशांत मोठा व्यवहार' हे त्याचे आकर्षण, आणि तोच त्याचा धोका. या व्यवहारांविषयी नवख्या मंडळींच्या मनात नेहमी येणाऱ्या काही प्रश्नांचा हा परामर्श.

फ्युचर्स म्हणजे नेमके काय?

फ्युचर्स म्हणजे वायदा. समजा, घोलवडच्या एका चिकू बागायतदाराने व्यापाऱ्याशी आजच ठरवले की, तीन महिन्यांनी हजार किलो चिकू ३० रुपये किलोने द्यायचे. त्या दिवशी बाजारभाव ४० रुपये असला तरी बागायतदाराला ३० रुपयांनीच माल द्यावा लागेल, आणि भाव २० रुपयांवर आला तरी व्यापाऱ्याला ३० रुपयेच मोजावे लागतील. बंधन दोघांवरही सारखेच. शेअर बाजारातील फ्युचर्समध्ये चिकूच्या जागी एखादा समभाग किंवा निफ्टी, सेन्सेक्ससारखा निर्देशांक असतो आणि व्यवहार पूर्ण होण्याची हमी बाजाराचे क्लिअरिंग कॉर्पोरेशन घेते.

मुंबईला वायदे नवे नाहीत. कापसाच्या वायद्यांसाठी बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशनची स्थापना १८७५ मध्येच झाली होती. निर्देशांकाचे फ्युचर्स मात्र मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजारात जून २००० मध्ये सुरू झाले. निर्देशांकाचे ऑप्शन्स जून २००१ मध्ये, तर समभागांचे ऑप्शन्स जुलैमध्ये आणि समभागांचे फ्युचर्स नोव्हेंबरमध्ये आले. त्याच वर्षी जुनी 'बदला' पद्धत बंद झाली.

ऑप्शन त्याहून वेगळा कसा?

यासाठी इसाराचे उदाहरण उपयोगी पडते. समजा, ३० लाखांची एक सदनिका तीन महिन्यांत त्याच भावाने घेण्याचा हक्क राखून ठेवण्यासाठी आपण मालकाला ५० हजार रुपये दिले. भाव ३३ लाखांवर गेला तर सदनिका ३० लाखांतच मिळेल. भाव २७ लाखांवर आला तर ५० हजारांवर पाणी सोडून मोकळे होता येईल. ऑप्शन विकत घेणाऱ्याला असाच हक्क मिळतो, बंधन नाही. त्यासाठी मोजलेल्या रकमेला 'प्रीमियम' म्हणतात. फरक इतकाच की, इसार पुढे किमतीत वळता होतो, प्रीमियम मात्र परत मिळत नाही. ठरलेल्या भावाने खरेदीचा हक्क म्हणजे 'कॉल' आणि विक्रीचा हक्क म्हणजे 'पुट'.

दिशा बरोबर असूनही तोटा का होतो?

नवख्यांना सर्वाधिक बुचकळ्यात टाकणारा प्रश्न हाच. समजा, निफ्टी २५,००० वर आहे. आपण २५,००० चा कॉल १२० रुपये प्रीमियमने घेतला आणि एका लॉटमध्ये ७५ नग आहेत. (लॉटचा आकार वेळोवेळी बदलतो, हा आकडा केवळ समजण्यासाठी.) म्हणजे आपले ९,००० रुपये गेले. मुदत संपताना निफ्टी २५,०६० वर बंद झाला. आपला अंदाज बरोबर ठरला, पण हाती आले ६० गुणिले ७५, म्हणजे ४,५०० रुपये. निम्मी रक्कम गेली. निफ्टी २५,१२० च्या वर गेल्याशिवाय नफ्याचा प्रश्नच नाही, आणि दलाली व कर त्याहून वेगळे. निफ्टी २५,००० किंवा त्याखाली राहिला तर सारे ९,००० बुडाले.

शिवाय ऑप्शनचे मूल्य दिवसागणिक झिजते. सातपाटीची बोट समुद्रात जाताना बर्फ भरून नेते. मासळी मिळो वा न मिळो, बर्फ वितळतोच. प्रीमियममधील 'वेळेची किंमत' तशीच आहे. बाजार जागच्या जागी थांबला तरी ती वितळत राहते, आणि मुदत जवळ आली की वेगाने. दोन-चार रुपयांना मिळणारे 'स्वस्त' ऑप्शन म्हणूनच बहुधा लॉटरीच्या तिकिटासारखे ठरतात.

मग ऑप्शन विकणेच फायद्याचे नाही का?

वरच्याच उदाहरणात कॉल विकणाऱ्याला ९,००० रुपये मिळाले. ही त्याच्या कमाईची कमाल मर्यादा. तोट्याला मात्र अशी मर्यादा नाही. निफ्टी २५,८०० वर गेला तर प्रीमियम वजा जाता त्याचा तोटा ६८० गुणिले ७५, म्हणजे ५१,००० रुपये होतो. दहा वेळा थोडे थोडे मिळवायचे आणि अकराव्या वेळी सारे एकदम गमवायचे, अशी वेळ ऑप्शन विकणाऱ्यावर येऊ शकते.

मार्जिन म्हणजे कर्ज की ठेव?

मार्जिन ही तारण म्हणून ठेवलेली रक्कम. ती तोट्याची मर्यादा नव्हे. निफ्टीच्या वरील लॉटचे एकूण मूल्य १८ लाख ७५ हजार रुपये होते. समजा, फ्युचर्ससाठी अडीच लाख रुपये मार्जिन भरले. निर्देशांक एका दिवसात दोन टक्के, म्हणजे ५०० अंशांनी घसरला तर तोटा ३७,५०० रुपये. बाजार दोन टक्के पडला, आपले भांडवल मात्र १५ टक्के घटले! हा तोटा रोजच्या रोज खात्यातून वळता होतो. जादा मार्जिन वेळेत भरले नाही तर दलाल आपल्या संमतीची वाट न पाहता सौदा कापू शकतो. कित्येक कामगारांचा महिन्याचा पगारही ३७,५०० रुपये नसतो, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ उमगतो.

समभागांच्या वायद्यांबाबत आणखी एक खबरदारी हवी. ऑक्टोबर २०१९ पासून समभागांच्या सर्व डेरिव्हेटिव्ह सौद्यांची पूर्तता प्रत्यक्ष समभाग देऊन-घेऊन होते. मुदतीपर्यंत सौदा उघडा ठेवल्यास पूर्ण रक्कम किंवा समभाग तयार ठेवावे लागतात.

किती लोकांना खरोखर नफा होतो?

याचे उत्तर 'सेबी'च्या पाहणीत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा मिळवणारे जेमतेम एक टक्का. २०२३-२४ मधील व्यापाऱ्यांत तिशीच्या आतील ४३ टक्के होते आणि सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांहून कमी असल्याचे नोंदवले होते. जुलै २०२५ च्या अहवालात २०२४-२५ चे चित्रही फारसे वेगळे नव्हते : ९१ टक्के तोट्यात आणि निव्वळ तोटा सुमारे १ लाख ५ हजार कोटी रुपये.

हा पैसा जातो कुठे? या बाजारात एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा असतो. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या दलाली संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपयांचा ढोबळ नफा मिळवला. त्यातील बहुतांश नफा संगणकीय प्रणालीने केलेल्या सौद्यांतून आला. पाळी संपवून मोबाइल हाती घेणाऱ्याचा सामना अशा प्रतिस्पर्ध्यांशी असतो. त्यातच दलाली, बाजाराचे शुल्क आणि कर यांपायी त्या वर्षी प्रत्येक वैयक्तिक व्यापाऱ्याने सरासरी २६ हजार रुपये मोजले.

याच पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २०२४ मध्ये 'सेबी'ने नियम कडक केले. निर्देशांकाच्या नव्या करारांचे किमान मूल्य १५ लाख रुपये झाले आणि प्रत्येक बाजारात एकाच निर्देशांकाची साप्ताहिक मुदत ठेवण्यात आली.

मग हे व्यवहार आहेतच कशासाठी?

मुळात जोखीम दुसऱ्याकडे सोपवण्यासाठी. परदेशातून डॉलर येणे असलेला तारापूरचा एखादा निर्यातदार रुपया वधारण्याच्या भीतीपोटी चलनाचा वायदा करतो. बऱ्याच समभागांचा धनी असलेला गुंतवणूकदार घसरणीपासून बचाव म्हणून पुट घेतो. तो एक प्रकारचा विमाच. ज्याच्याकडे मुळात जोखीमच नाही, तो वायदा करून नवी जोखीम विकत घेत असतो. हा भेद कळला तर निम्मा अभ्यास झाला.

कर आणि फसवणूक यांबाबत काय ध्यानात ठेवावे?

एफ अँड ओचा नफा-तोटा प्राप्तिकराच्या दृष्टीने व्यवसायाचा मानला जातो. तोटा झाला तरी विवरणपत्र मुदतीत भरावे. तसे केले तरच तो पुढील आठ वर्षांच्या व्यवसायाच्या नफ्यातून वळता करता येतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी तर आपले वर्तणूक नियम आधी वाचावेत. त्यात समभागांतील सट्ट्याला मनाई असून वारंवार केलेली खरेदी-विक्री सट्टाच समजली जाते.

'खात्रीची टिप' देणाऱ्याचा 'सेबी'कडील नोंदणी क्रमांक तपासावा. बाजाराबाहेर चालणारे 'डब्बा' सौदे बेकायदा असतात. तेथे दाद मागायला जागा नसते. दलालाविरुद्धची तक्रार 'सेबी'च्या 'स्कोअर्स' यंत्रणेकडे करता येते. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे.

तर मग सुरुवात करावी की नाही?

घरखर्चाची सहा महिन्यांची तजवीज, आरोग्य विमा आणि नियमित बचत यांआधी या वाटेला जाऊ नये. पतपेढीचे कर्ज, भविष्य निर्वाह निधीची उचल किंवा घरातील सोने गहाण ठेवून तर मुळीच नाही. ज्यांना शिकायचेच आहे त्यांनी सहा महिने वहीत कागदी सौदे मांडावेत. प्रत्येक सौद्याचा भाव, खर्च आणि निकाल प्रामाणिकपणे लिहावा. वहीतला तोटा कोणाच्या घरची चूल विझवत नाही. सहा महिन्यांनी बेरीज मांडल्यावर जे उत्तर येईल, ते कोणत्याही सल्लागाराच्या शब्दापेक्षा अधिक विश्वासार्ह असेल.