जावाची कॉफी आणि हॉलंडचा जमाखर्च

स्वदेशाच्या साम्राज्यावर टीका करणाऱ्या लेखकाला देशद्रोही ठरविले जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. एडुआर्ड डाउवेस डेकर या डच लेखकाच्या वाट्याला मात्र वेगळेच दुःख आले. त्याच्या कादंबरीची देशाने वाखाणणी केली. तिच्यातील फिर्याद मात्र बाजूला राहिली.

या फिर्यादीमागचे अर्थकारण प्रथम पाहिले पाहिजे. १८३० पासून डच सरकारने जावात सक्तीची लागवड सुरू केली. खेड्याने सारा भरण्याऐवजी पाचवा हिस्सा जमिनीत कॉफी, ऊस, नीळ अशी निर्यातीची पिके काढून द्यावीत, असा कागदोपत्री नियम होता. प्रत्यक्षात जमीन आणि श्रम पुष्कळच अधिक घेतले जात. डच अंमलदार आणि देशी अधिपती या दोघांनाही उत्पन्नावर टक्केवारी मिळे. साहजिकच रयतेची दाद घेणारा कोणी उरला नाही. १८३१ ते १८७७ या काळात जावातून डच तिजोरीत सुमारे ८२ कोटी गिल्डर गेले. त्यातून हॉलंडने कर्जे फेडली, रेल्वे बांधली.

१८५६ च्या जानेवारीत डेकर पश्चिम जावातील लेबाक येथे सहायक रेसिडेंट झाला. तेथील अधिपती रयतेकडून वेठ घेतो, तिच्या म्हशी ओढून नेतो, अशी तक्रार त्याने जेमतेम महिन्याभरात वरिष्ठांकडे गुदरली. गव्हर्नर जनरलने त्यालाच दोष देऊन बदलीचा हुकूम काढला. डेकरने राजीनामा दिला आणि दारिद्र्य पत्करले. १८६० मध्ये ‘मुल्टाटुली’, म्हणजे ‘मी पुष्कळ सोसले’, या लॅटिन टोपणनावाने त्याची ‘मॅक्स हॅव्हेलार’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातील ॲमस्टरडॅमचा कॉफीदलाल धर्मनिष्ठ आहे, सचोटीचा आहे. आपल्या नफ्याचे मूळ कोठे आहे, हे मात्र त्याला जाणून घ्यावयाचे नाही. हा दलाल म्हणजे डेकरचा वाचकच होय.

डेकर डच सत्तेच्या उच्चाटनाची मागणी करीत नव्हता, त्याला न्यायी राज्य हवे होते, ही त्याची मर्यादा मान्य केली पाहिजे. तथापि एक गोष्ट त्याने अचूक ओळखली. सरकारी मक्तेदारी जाऊन ‘मुक्त श्रम’ यावा, असा पुकारा उदारमतवादी करू लागले, तेव्हा १८६२ च्या पुस्तिकेत त्याने दोन्ही पक्षांवर कोरडे ओढले. जावापासून नफा काढावा, याबद्दल त्यांच्यात दुमत नव्हते. वाद होता तो कोणत्या मार्गाने काढावा एवढाच. १८७० च्या शेतकी कायद्याने खाजगी मळेवाल्यांना ७५ वर्षांपर्यंतच्या पट्ट्याने जमिनी मिळू लागल्या. सक्ती हळूहळू ओसरली, भांडवल बदलले. निर्यातीचा मोठा लाभ परदेशीच जात राहिला.

अत्याचाराच्या वर्णनाने वाचकाचे डोळे पाणावतात, आणि चार अंमलदार दोषी ठरले की त्याचे समाधान होते. परंतु ज्या नफ्यावर आपले घर चालते, त्याचा हिशेब मागणे कठीण असते. डेकरने तो आपल्याच देशबांधवांकडे मागितला. १८८७ मध्ये जर्मनीत मृत्यू येईपर्यंत त्याला त्याचे उत्तर मिळाले नाही.