मागे दे, मागे!

पहिल्या दिवशी पिशवीतून चेंडू बाहेर काढला, तेव्हा सहावीतला एक जण म्हणाला, "सर, ह्यो तर असोला नारल!" त्याचं म्हणणं रास्तच होतं. आक्षी, नागाव, चौल या पट्ट्यातल्या पोराच्या हातात लंबगोल, दोन्ही टोकांना निमुळती अशी वस्तू येते ती नारळच. त्या दिवसापासून वर्षभर कोणी चेंडूला बॉल म्हटलं नाही. 'नारळ टाक', 'नारळ पडला', 'नारळ समुद्रात गेला'. शिपाईमामांना एकदा "मामा, नारळ द्या" असा निरोप गेला, तर ते स्वयंपाकघरातून खरोखरचा घेऊन आले.

ती तारीख १६ जून २०२५, शाळा उघडण्याचा सोमवार. आदल्याच दिवशी मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिलावहिला मोसम सुरू झाला होता, आणि दोन-तीन मुलांनी तो मोबाइलवर पाहिला होता. रग्बी म्हणजे धावत्या माणसाला अंगावर जाऊन आडवं पाडायचं, हे त्यांना कळून चुकलं होतं. डोळे चमकत होते. मग मी पिशवीतून कमरेचे पट्टे काढले आणि सांगितलं की आपल्याला कोणाला पाडायचं नाही, धरायचं नाही, ढकलायचंही नाही. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याच्या कमरेला दोन्ही बाजूंना एकेक फीत लटकते, ती ओढून काढायची आणि हात वर करून ओरडायचं, 'टॅग!' झालं. एवढ्यावर अर्ध्या मुलांचा रस गेला.

टॅग रग्बी म्हणतात तो हा प्रकार. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मुंबईहून सहा चेंडू आणि वीस पट्टे पाठवले, म्हणजे चाळीस फिती. हा खेळ आमच्या शाळेत आला तो असा. त्यामागे काही योजना, धोरण वगैरे नव्हतं. पाचवी ते सातवीतली बावीस मुलं आली. मी स्वतः नियम पुस्तकातून आणि व्हिडिओतून शिकलो. ओळीपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय. फीत निघाली की तीन सेकंदांत चेंडू साथीदाराकडे द्यायचा. ज्याने ओढली त्याने फीत मालकाच्या हातात परत द्यायची, जमिनीवर फेकायची नाही. ती कमरेला परत चिकटवल्याशिवाय मालकाने खेळात यायचं नाही. लाथ मारायची नाही. आणि सगळ्यात जाचक नियम म्हणजे चेंडू हाताने पुढे टाकायचा नाही. बाजूला टाका, मागे टाका.

आमचा जिल्हा कबड्डीचा. दिवाळीनंतर भाताची खाचरं मोकळी झाली की गावोगाव स्पर्धांचे फलक लागतात, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने चालतात, आणि चौथीतलं पोरसुद्धा बोनस आणि निदान रेषा यांवर वाद घालतं. दरवर्षी १५ जुलैला बुवा साळवींच्या जयंतीचा कबड्डी दिन आम्ही शाळेत करतो. अशा मुलांना फीत ओढायला शिकवायचं म्हणजे आधी काय विसरायचं ते शिकवणं आलं. समोरून कोणी धावत आला की यांचा हात आपोआप घोट्याकडे जायचा. पहिल्या आठवड्यात दोन मुलं गुडघे फोडून घेऊन बसली, दोघंही पकडीत सापडलेली. बचावाला उभे राहायला सांगितलं, तर चौघांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली! साखळीने फीत ओढायची कुठल्या हाताने, हे विचारल्यावर मात्र सगळेच हसले.

बचाव शेवटी जमला तो आट्यापाट्यांमुळे. हल्लीची मुलं आट्यापाट्या खेळत नाहीत, पण त्यांचे आजोबा उरण-पेणकडच्या मिठागरांजवळ खेळलेले आहेत. एका आजोबांना बोलावलं. त्यांनी काठीने आडव्या रेघा मारल्या आणि दम दिला, "आपली पाटी सोरायची नाय!" रग्बीतली बचावाची सरळ फळी मी तीन आठवडे इंग्रजी व्हिडिओ दाखवून शिकवत होतो. आजोबांनी ती अर्ध्या तासात उभी केली.

पाऊस २०२५ मध्ये मुळात लवकर आला होता. मोसमी वारे २६ मे रोजीच मुंबईत पोचले, आणि जुलैपर्यंत आमचं मैदान म्हणजे भाताचं रोप लावावं असं झालं. व्हरांड्यात सराव. पाच पावलं रुंदीच्या व्हरांड्यात पुढे धावायला जागाच नसते, म्हणून बाजूला आणि मागे देणं एवढंच चालायचं. नकळत तेच उपयोगी पडलं. मुसळधार असेल त्या दिवशी वर्गात बसून मी गोष्टी सांगायचो.

त्यातली मुलांना आवडलेली गोष्ट कलकत्त्याची. १८७२ च्या नाताळात तिथल्या इंग्रजांनी रग्बीचा सामना खेळला, एका बाजूला इंग्लंडवाले आणि दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्सवाले. क्लब निघाला, चार-पाच वर्षांत ओस पडला. बंद करताना बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते २७० रुपये वितळवून एक चषक घडवला. कान नागांचे, झाकणावर हत्ती. त्या कलकत्ता कपसाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून आजही खेळतात. गोष्ट संपल्यावर एकाने विचारलं, "सर, त्यांनी मैदान का नाय घेतला त्या पैशात?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि इंग्रजांकडेही नसावं.

खरं तर हा खेळ आमच्यापासून एका लाँचच्या अंतरावर होता. मांडव्याहून तासाभरात गेटवे, तिथून चालत आझाद मैदानाच्या कडेला बॉम्बे जिमखाना. अखिल भारतीय रग्बी स्पर्धा १९२४ पासूनची, आणि जिमखान्याचं मैदान हे तिचं जुनं घर. शंभर वर्षं आमची माणसं मासळी, भाजी, कांदे घेऊन त्या शहरात जात राहिली. कबड्डी तिकडे गेली, लालबाग-परळमध्ये रुजली. रग्बी मात्र इकडे आली नाही. क्रिकेट जिमखान्याची कुंपणं ओलांडून गल्लीत आलं, हिला ते जमलं नाही. गवत, बूट, पंधरा जणांचा संघ आणि दवाखान्याचं बिल, एवढा संसार लागणारा खेळ गरिबाच्या अंगणात यायचा कसा? फिती आल्या तेव्हा वाट निघाली, असं मला वाटतं.

श्रावणात नारळी पौर्णिमा झाली आणि त्याच शनिवार-रविवारी बिहारमध्ये राजगीरला भारताच्या वीस वर्षांखालील मुलींनी आशियाई रग्बी सेव्हन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. सोमवारी ही बातमी मी परिपाठात वाचून दाखवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलींच्या रांगेत कुजबूज झाली. तिच्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

गणपती गेले, पाऊस ओसरू लागला आणि आम्ही किनाऱ्यावर उतरलो. सुरूच्या दोन झाडांमधली जागा ही ट्रायची ओळ, टाचेने ओढलेल्या रेघा या बाजूच्या सीमा. इथून पुढे आमचं वेळापत्रक शाळेच्या घंटेवर राहिलं नाही. किनाऱ्यावरच्या कोणत्याही कोळ्याला ठाऊक असलेला हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. म्हणजे पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी साडेपाचला पाणी पार लांब गेलेलं, ओली घट्ट वाळू, पाय रुतत नाही, पडलं तरी लागत नाही. जगात याहून चांगलं रग्बीचं मैदान नसेल. आणि अष्टमीला त्याच वेळी भरती. मुलांना पाऊणकी पाठ नव्हती, ती या निमित्ताने झाली. गणिताच्या बाईंनी माझे आभार मानले, जे याआधी कधी घडलं नव्हतं.

शनिवार-रविवार मात्र किनारा आमचा नसे. घोडागाड्या, वाळूत धावणाऱ्या चारचाकी मोटारसायकली, मुंबई-पुण्याचे पाहुणे. सोमवारी सरावाआधी पंधरा मिनिटं काचा वेचणं हाच आमचा व्यायाम.

आता त्या मागे देण्याच्या नियमाबद्दल. आमच्यात एक मुलगा होता, कबड्डीतला अस्सल चढाईवाला. चपळ असा की तीन जणांच्या मधून फिती शाबूत ठेवून जायचा. पण चौथा गाठायचाच. फीत निघायची, तीन सेकंद संपायचे, चेंडू याच्या पोटाशी. ओरडून सांगितलं, समजावून सांगितलं, एक दिवस बाहेर बसवलं. काही उपयोग नाही. मग एका संध्याकाळी तोच म्हणाला, "सर, मांगं कोण हाय ते दिसत नाय ना." चूक माझी होती. चढाई करणारा एकटा जातो. त्याला स्वतःचा दम ऐकू येतो, बाकी काही नाही. त्याचे सगळे साथीदार रेषेअलीकडे थांबलेले असतात. आयुष्यभर ज्याच्या पाठीमागे कोणी नव्हतं, त्याने पाठीमागे द्यायचं कोणाला?

म्हणून आम्ही दम उलटा केला. चेंडूवाल्याने गप्प धावायचं आणि त्याच्या मागच्या दोघांनी कबड्डीसारखं न थांबता पुटपुटायचं, 'मागे-मागे-मागे-मागे'. एक डावीकडून, एक उजवीकडून. आवाज जवळ आहे म्हणजे माणूस जवळ आहे. पहिल्या दिवशी हसून हसून खेळ बंद पडला. चौथ्या दिवशी त्या मुलाने न बघता चेंडू डावीकडे दिला आणि तो बरोबर हातात पडला. तो स्वतःच एवढा दचकला की जागीच उभा राहिला.

मध्येच २ नोव्हेंबर उजाडला. खाडीपलीकडे नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. दुसऱ्या आठवड्यात सरावाला सात मुलं. बाकीची क्रिकेटमध्ये. मी कोणाला बोलावलं नाही. त्यानंतर नगरपालिकांच्या निवडणुका, २ डिसेंबरला मतदान, शिक्षक कामावर. नोव्हेंबर जवळपास वाया गेला असं मी तेव्हा म्हणत होतो. आता मागे वळून पाहताना वाटतं, त्या सात जणांना तेव्हा खरा चेंडू हाताला लागला. बावीस जणांत तो फिरून यायला वेळ लागायचा.

डिसेंबरच्या शेवटी पनवेलच्या बाजूच्या एका शाळेने बोलावलं. एसटीने पोयनाड, वडखळ, पेण करत गेलो. त्यांचं मैदान कृत्रिम गवताचं. आमची मुलं तोवर अनवाणी खेळलेली, आणि तिथे बूट सक्तीचे. कोणी भावाचे, कोणी चुलतभावाचे बूट घालून आलेला, पुढे कापूस कोंबून. सात-सात जणांचे तीन सामने झाले. पहिला २–७ हरलो, दुसरा ३–५ हरलो, तिसरा ४–४ बरोबरीत सुटला. 'मागे-मागे' ऐकून समोरची मुलं आधी हसली, पण दुसऱ्या सामन्यापासून त्यांनाही कळलं की आवाज येतो तिथे चेंडू जाणार, आणि ती आवाजावर धावायला लागली. तिसऱ्या सामन्यात आमच्या मुलांनी मला न विचारता यावर उपाय काढला: दोन्ही बाजूंनी दम चालू, आणि तिसरा एक जण गप्प, नेमका मधून. बरोबरीचे चारपैकी तीन ट्राय त्या गप्प मुलाचे. हे डोकं मला सुचलेलं नाही. येताना वडखळला वडापाव खाल्ले आणि सगळे एसटीत झोपले.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी ती शाळा आमच्याकडे आली. सप्तमी-अष्टमीचा सांधा, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. सकाळी साडेदहाला सामना ठेवला. पण अष्टमीला भांग असतो, पाणी उधाणासारखं लांब हटत नाही. वाळूची पट्टी अरुंद मिळाली, पाहुण्यांचे बूट रुतले, आम्ही ६–३ ने जिंकलो. तो विजय मी हिशेबात धरत नाही. मुलं फक्त तोच धरतात. पाहुण्यांनी दुसऱ्या अर्ध्यात बूट काढून ठेवले आणि त्यानंतरचे त्यांचे दोन ट्राय देखणे होते, हेही नोंदवायला हवं.

फेब्रुवारीत कबड्डीच्या रात्रींनी मुलं ओढून नेली, मार्चमध्ये अभ्यासाने. सराव पातळ होत होत थांबला. शेवटचा दिवस असा काही झालाच नाही.

३१ मार्चला जडसंग्रह नोंदवही जुळवायची असते. चेंडू सहापैकी पाच, एक समुद्राला. पट्टे वीस. फिती चाळीसपैकी सत्तावीस. मुख्याध्यापकांनी लाल पेनाने गोल केला आणि मी तेरा फितींच्या शोधाला लागलो. दोन एका होडीच्या काठीला बांधलेल्या सापडल्या, वाऱ्याची दिशा बघायला. एक वासराच्या गळ्यात. दोन दप्तरांच्या चेनला. उरलेल्या आठ सातवीच्या मुलींकडे निघाल्या. मधल्या सुट्टीत शाळेमागे त्यांचा खेळ ऑगस्टपासून चालू होता, कापडाचा चेंडू करून. मी फिती परत मागितल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "देतो सर. पन आधी एक नारल द्या."

नोंदवहीत तेरा फितींपुढे शेऱ्याचा रकाना रिकामा होता. मी लिहिलं, 'वापरात', आणि चेंडूंच्या आकड्यात पाचाचे चार केले.