न ताणणाऱ्या धाग्याची ताणणारी पट्टी

कात्रजहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. सहा महिन्यांच्या नातीसाठी लोकरीची कानपट्टी विणावयास घेतली असता त्यांच्या मनात एक शंका उद्भवली, आणि ती त्यांनी मोठ्या नेमकेपणाने मांडली आहे. गुंड्यातला धागा दोन्ही हातांनी कितीही ओढला तरी केसभरच वाढतो. त्याच धाग्याची विणलेली पट्टी मात्र दीडपट ताणते आणि सोडताच मूळ मापावर येते. तर जो गुण धाग्याच्या अंगी नाही तो पट्टीच्या अंगी आला कोठून? प्रश्न घरगुती असला तरी त्याच्या उत्तरासाठी भूमिती, यंत्रशास्त्र आणि रसायन या तिघांनाही साक्षीला बोलवावे लागते, आणि त्यातील काही भाग तर गेल्या दहा वर्षांतच उलगडला आहे.

पत्र कात्रजचेच असल्यामुळे दृष्टान्तासाठी दूर जावयास नको. जुन्या कात्रज घाटाने बोगद्याकडे चढणारा रस्ता डोंगराच्या अंगाने इतकी वळणे घेतो की, पायथा आणि माथा यांमधील सरळ अंतराच्या मानाने प्रत्यक्ष रस्त्याची लांबी पुष्कळच अधिक भरते. आता अशी कल्पना करावी की, या रस्त्याची दोन टोके धरून कोणी महाबलाढ्य पुरुषाने तो ओढला. वळणे उलगडत जातील, टोके एकमेकांपासून दूर जातील, परंतु एक हातभर डांबरही नव्याने घालावे लागणार नाही. कारण जी लांबी नव्याने निर्माण झाली असे भासते, ती वळणांच्या पोटात आधीपासूनच शिल्लक होती. विणलेल्या पट्टीतील प्रत्येक टाका हे धाग्याचे असेच एक वळण होय, आणि पट्टी ताणते तेव्हा धागा लांबत नाही, वळणे उलगडतात. दृष्टान्ताची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. ओढलेला घाटरस्ता आपण होऊन पुन्हा वळणार नाही. पट्टी मात्र परत येते, कारण तिच्यातील कोणतेही वळण सुटे नसून खालच्या, वरच्या आणि शेजारच्या टाक्यांनी ते अडवून धरलेले असते. धाग्याला वाकविण्यास ऊर्जा लागते. पट्टी ओढली की काही वळणे सरळ होतात, तर टाक्याच्या माथ्याशी असलेली काही वळणे अधिकच तीव्र होतात, आणि ही वाढीव ऊर्जा परत करण्याची संधी मिळताच प्रत्येक टाका आपल्या कमीत कमी ऊर्जेच्या आकाराकडे धाव घेतो.

आपल्या मुलखातील धनगरांची घोंगडी लोकरीचीच, पण ती मागावर विणलेली असल्यामुळे तिच्यात ताणा आणि बाणा जवळजवळ सरळ रेषेत एकमेकांना ओलांडून जातात. वळणांची शिल्लक नसल्यामुळे घोंगडी वर्षानुवर्षे पाठीवर राहते, पण ताणत नाही. मागाचे काम अनेक धाग्यांचे आणि सुयांचे काम एकाच धाग्याचे, हा भेद ध्यानात घेतला म्हणजे दोहोंच्या स्वभावातील अंतराचा खुलासा होतो.

सुयांवरच्या कामात मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट, आणि तेही वस्तुतः एकच. सुलट टाका पाठीमागून पाहिला की उलट दिसतो. एका बाजूने सारेच टाके सुलट ठेवले तर कापड गुळगुळीत होते, परंतु प्रत्येक टाका एकाच दिशेने वाकलेला असल्यामुळे त्या सर्वांचा कल एकत्र होऊन कडा गुंडाळू लागतात, आणि अशी पट्टी बाळाच्या कपाळावर वळकटी होऊन बसते. ‘एक सुलट, एक उलट’ असे उभे स्तंभ ठेवले, म्हणजे रिबची वीण केली, की दोन्ही कल परस्परांना रद्द करतात. कडा सपाट राहतात, आणि शिवाय उलट स्तंभ सुलट स्तंभांच्या मागे सरकून पट्टी रुंदीच्या दिशेने आपोआप घडी घालते. म्हणून रिबची पट्टी ओढताना प्रथम ही घडी उलगडते आणि मगच टाक्यांवर ताण येतो; ज्या दिशेने डोक्याभोवती फिरावयाचे त्या दिशेने तिचा स्वभाव सर्वांत मऊ असतो. दोन सुयांवर प्रत्येक ओळ सुलटच विणून अरुंद, लांब पट्टी करण्याचा जो दुसरा, म्हणजे गार्टर विणीचा, शिरस्ता आहे त्यातही हेच तत्त्व फिरवून वापरलेले असते. त्या विणीत ओळी एकमेकींवर दबून बसतात, म्हणून ती लांबीच्या दिशेने अधिक ताणते, आणि लांबीच डोक्याभोवती गुंडाळली जाते.

२०२४ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील कृष्मा सिंगल, एलिझाबेटा मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सुलट, रिब, गार्टर आणि दाणेदार अशा चार विणींचे मापन करून, केवळ टाक्यांची मांडणी बदलल्याने कापडाचा ताठरपणा किती बदलतो, याचा गणिती आराखडा दिला आहे. काम अत्यंत सुरेख आहे, आणि मात्सुमोतो स्वतः उत्तम विणकाम करणाऱ्या असल्यामुळे त्यात हाताच्या अनुभवाला योग्य मान आहे. परंतु अशा संशोधनाच्या वार्ता देताना ‘विणकामाचे कोडे अखेर सुटले’ असा जो डांगोरा पिटला जातो, त्याला माझी हरकत आहे; कारण या विषयाचा पाया ज्यांनी घातला त्यांची नावे त्या गजरात बुडून जातात.

पी. जे. डॉइल यांनी १९५३ मध्ये आणि डी. एल. मंडेन यांनी १९५९ मध्ये विणलेल्या कापडाविषयी जो नियम दाखवून दिला, त्याची गणना मी साधेपणाच्या उत्कृष्ट नमुन्यांत करतो. ताण काढून निवांत होऊ दिलेल्या कापडात एका चौरस सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतील, ही बाब मुख्यत्वे एका टाक्यात किती लांबीचा धागा गेला यावरच ठरते, आणि ती संख्या त्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. विणणाऱ्या स्त्रिया ज्याला ‘घट्ट हात’ आणि ‘सैल हात’ म्हणतात, तोच हा टाक्याच्या लांबीचा हिशेब होय. सहा महिन्यांच्या मुलीच्या डोक्याचा घेर सरासरीने सुमारे ४२ सेंटिमीटर असतो, आणि पट्टीने हळुवार धरून राहावे म्हणून ती घेरापेक्षा साधारण दहाव्या हिश्शाने कमी, म्हणजे ३८ सेंटिमीटर विणावी. आता नमुन्यात दिलेले टाके तंतोतंत मोजून घातले, पण हात १० टक्क्यांनी सैल पडला, तर ३८ ची पट्टी ४२ च्या जवळ जाते, तिची पकड संपते आणि ती बाळाच्या डोळ्यांवर उतरते. प्रथम चार बोटे रुंद तुकडा विणून टाके मोजून पाहावेत, हा जाणत्या बायकांचा आग्रह मंडेनच्या नियमाचीच प्रत्यक्ष अंमलबजावणी आहे, आणि ती त्यांच्या निबंधाहून पुष्कळ जुनी आहे.

याहूनही विस्मयकारक शोध पॅरिसमधील संशोधकांनी २०१८ मध्ये लावला. त्यांनी विणलेला तुकडा अत्यंत सावकाश ओढून बलाचे सूक्ष्म मापन केले, तेव्हा असे दिसले की, ताण सलग वाढत नाही; धाग्यावर धागा जेथे टेकतो तेथे घर्षणाने काही काळ अडून राहतो आणि मग एकाएकी घसरतो, व एक घसरण शेजारच्या टाक्यांना घसरवते. या घसरणींत लहान पुष्कळ आणि मोठ्या विरळ असून त्यांच्या आकारमानाची वाटणी भूकंपांच्या वाटणीसारख्याच नियमाने होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा धक्का ज्यांना आठवतो त्यांना हे साम्य प्रथम अप्रस्तुत वाटेल; परंतु खडकांच्या भेगा असोत की लोकरीचे टाके, घर्षणाने रोखलेला ताण टप्प्याटप्प्याने सुटण्याची रीत एकच आहे.

धाग्याच्या अंतरंगातही वळणे उलगडण्याची हीच कथा पुन्हा भेटते. १९३० च्या दशकात इंग्लंडमधील लीड्स येथे विल्यम ॲस्टबरी यांनी लोकरीच्या तंतूंवर क्ष-किरण टाकून पाहिले, तेव्हा ताणलेल्या आणि न ताणलेल्या तंतूंची चित्रे भिन्न आली, आणि त्यावरून त्यांनी अनुमान काढले की, लोकरीतील केराटिन या प्रथिनाचा रेणू मुळात घडी घालून बसलेला असून ताणाने ती घडी उलगडते. त्याच प्रयोगशाळेत फ्लोरेन्स बेल यांनी १९३८ मध्ये डीएनएची आरंभीची क्ष-किरण चित्रे घेतली; डीएनएच्या पुढच्या क्ष-किरण चित्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन यांच्या नावाला उशिरा का होईना न्याय मिळाला, पण बेल यांचा उल्लेख आजही क्वचितच होतो, आणि लोकरीच्या अभ्यासासाठी उभी राहिलेली प्रयोगशाळा वंशसूत्राच्या शोधाच्या वाटेवर होती हे तर जवळजवळ विस्मृतीतच गेले आहे. व्यवहाराच्या दृष्टीने एवढे मात्र सांगितले पाहिजे की, आज दुकानात ‘बाळाची लोकर’ म्हणून मिळणारा गुंडा पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो. खरी लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी आर्द्रता शोषूनही ओली लागत नाही. ॲक्रिलिक जवळजवळ काहीच शोषत नाही, म्हणून घामेजलेल्या कपाळावर ते लवकर चिकट होते.

आता ज्या मस्तकासाठी हा सारा खटाटोप, त्याचाही विचार करू. जळिताच्या रुग्णांच्या त्वचेचा हिशेब करण्यासाठी लंड आणि ब्राउडर यांनी १९४४ मध्ये केलेल्या तक्त्यात प्रौढाच्या डोक्याचा वाटा एकूण त्वचेच्या सुमारे ७ टक्के, तर वर्षाच्या आतील बालकाचा सुमारे १९ टक्के धरला आहे. ‘निम्मी उष्णता डोक्यातूनच जाते’ हे प्रचलित विधान मोठ्यांच्या बाबतीत निखालस चूक असले तरी बालकांना डोक्याची काळजी अधिक लागते, हे त्या तक्त्यावरून दिसून येते. पुण्याच्या थंडीला कमी लेखण्याचेही कारण नाही. १९३५ च्या जानेवारीत शहराचे किमान तापमान १.७ अंशांवर उतरले होते, आणि निरभ्र रात्री डोंगरउतारावरची थंड, जड हवा पायथ्याकडे वाहत येते, हा नियम कात्रजलाही लागू आहे. तथापि कानपट्टी कान आणि कपाळ झाकते, टाळू उघडीच ठेवते; भल्या पहाटे बाहेर पडावयाचे तर टोपडे किंवा कुंचीच योग्य, कानपट्टी दिवसाच्या सौम्य गारव्यासाठी. घरात आणि विशेषतः झोपेत मात्र दोन्ही काढून ठेवावीत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार जन्मानंतरचे पहिले काही तास वगळता घरात बाळाच्या डोक्यावर टोपी नसावी, कारण अंगात कोंडलेली उष्णता बाळाला अपायकारक ठरते, आणि सरकलेली पट्टी नाकावर येण्याचा धोका निराळाच. मोती, बटणे, लोंबते गोंडे यांनाही बाळाच्या पट्टीवर स्थान नाही.

पत्रलेखिकेस अखेर एक विनंती आहे. नातीची पट्टी झाली म्हणजे उरलेल्या लोकरीच्या सुलट, रिब आणि गार्टर अशा तीन पट्ट्या विणून त्या जवळच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांस द्यावी. स्प्रिंगला वजने टांगून, ताण वजनाच्या प्रमाणात वाढतो हा हूकचा नियम शाळेत शिकविला जातो. स्प्रिंगच्याच खिळ्याला एकेक पट्टी अडकवून पन्नास-पन्नास ग्रॅमची वजने वाढवीत जावे आणि आलेख काढावा. तो सरळ रेषेत येणार नाही. प्रथम पट्टी भराभर लांबेल, मग वळणांची शिल्लक संपत आली की ताठर होत जाईल, आणि वजने उतरविताना ती गेल्या वाटेनेच परत न येता घर्षणात काही ऊर्जा गमावून निराळ्या वाटेने परतेल. सुलट, रिब आणि गार्टर यांचे तीन आलेख शेजारी शेजारी मांडले तर पदार्थाचा गुण केवळ द्रव्यात नसून मांडणीतही असतो, हा आधुनिक पदार्थविज्ञानातील महत्त्वाचा सिद्धांत आठवीच्या मुलांना स्वतःच्या हाताने तपासून पाहता येईल. आणि त्या प्रयोगाच्या वहीत, साहित्याच्या यादीखाली, पट्टी विणणाऱ्या आजींचे नाव प्रयोगकर्त्यांच्या बरोबरीने लिहावे, कारण त्यांच्या हाताने प्रत्येक टाक्याला सारखी लांबी दिली नसती तर मोजण्याजोगे काहीच उरले नसते.