मोटरहोमच्या कप्प्यांची राखण

मोटरहोमच्या राहत्या भागाखाली, गाडीच्या दोन्ही बाजूंना, बाहेरून उघडणारे कप्पे असतात. अवजारे, घडीच्या खुर्च्या, वीज घेण्याची जाड केबल, सांडपाण्याचा पाइप असे सगळे त्यांत जाते. काही कप्प्यांत जनरेटर, बॅटऱ्या आणि गॅसच्या टाक्या कायमच्या बसवलेल्या असतात. राहत्या भागाच्या दाराला मालक आठवणीने कुलूप लावतो, खिडक्याही तपासतो. कप्प्यांकडे मात्र सामान काढायची वेळ येईपर्यंत कोणी फिरकत नाही. त्यामुळे चोरी झालीच, तर ती कळायलाही तेवढाच वेळ जातो.

अमेरिकेत मोटरहोम आणि ओढून नेण्याच्या ट्रेलरांचा व्यवसाय इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसरात एकवटलेला आहे. कंपन्या अनेक असल्या तरी दारे, बिजागऱ्या आणि कुलपे पुरवणारे मोजकेच. त्याचा परिणाम असा झाला, की वेगवेगळ्या कंपन्यांच्या असंख्य गाड्यांच्या कप्प्यांना एकाच किल्लीची कुलपे लागली. या किल्लीचा क्रमांक ‘सीएच ७५१’. तो किल्लीवर कोरलेला असतो, आणि अशी किल्ली कोणालाही अगदी किरकोळ किमतीत विकत मिळते. पिकअप ट्रकच्या मागच्या टपांना आणि साध्या कपाटांनाही हीच किल्ली चालते. म्हणजे ज्याच्या खिशात ही एक किल्ली आहे, त्याला वाहनतळावरच्या कित्येक गाड्यांचे कप्पे मालकाइतक्याच सहजतेने उघडता येतात. काही मोडत नाही, आवाज होत नाही, खूणही मागे राहत नाही. कारखान्याच्या सोयीसाठी केलेली ही काटकसर ग्राहकाला महागात पडते, आणि गाडी विकताना तिचा उल्लेख सहसा होत नाही. म्हणून नवी वा जुनी मोटरहोम हाती आली, की सर्वांत आधी किल्लीवरचा क्रमांक वाचावा.

ही कुलपे कॅम लॉक प्रकारची असतात. दारातून आरपार जाणारा एक छोटा दंडगोल, त्याच्या मागच्या टोकाला स्क्रूने घट्ट केलेली लोखंडी जीभ, आणि किल्ली फिरवली की ती जीभ चौकटीच्या मागे जाऊन अडकते, एवढीच रचना. आत पितळेच्या पातळ पट्ट्या स्प्रिंगवर बसवलेल्या असतात. योग्य किल्ली घातली की त्या एका रेषेत येतात आणि दंडगोल फिरतो. पट्ट्या थोड्या आणि घडण ढोबळ असल्याने झिजलेली दुसरीच किल्लीसुद्धा कधी कधी चालून जाते.

कुलपे बदलणे हा त्यावरचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय. बहुतेक मालक नळीसारख्या गोल किल्लीच्या कुलपांकडे वळतात. या प्रकाराची प्रसिद्धी शिकागो लॉक कंपनीच्या ‘एस’ कुलपांनी केली. त्यात साधारणपणे सात पिना वर्तुळात बसवलेल्या असतात. पण गोल किल्ली दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये. २००४ साली क्रिप्टोनाइट कंपनीची, याच तत्त्वावर चालणारी सायकलची कुलपे साध्या बॉलपेनच्या नळीने उघडत असल्याचे जगासमोर आले, आणि कंपनीला ती ग्राहकांना बदलून द्यावी लागली. याहून भक्कम म्हणजे फिरत्या चकत्यांची कुलपे. एमिल हेन्रिक्सन यांनी फिनलंडमध्ये १९०७ साली शोधलेल्या, पुढे ‘अॅब्लॉय’ नावाने ओळखल्या गेलेल्या रचनेत स्प्रिंगच नसते, त्यामुळे धूळ आणि थंडीत ती अडत नाही. किंमत मात्र बरीच जास्त. म्हणून जनरेटर किंवा महागड्या अवजारांच्या कप्प्याला चांगले कुलूप आणि बाकीच्यांना मध्यम प्रतीचे, अशी विभागणी शहाणपणाची ठरते. सगळ्या कप्प्यांना एकच किल्ली चालणारा संच घेतला तर वापर सोपा होतो. फक्त त्या संचाचा क्रमांक दुकानातल्या इतर संचांवरही तोच नाही ना, हे पाहून घ्यावे.

नवे कुलूप मागवण्यापूर्वी जुने काढून मोजावे लागते. बाजारात ५/८, ७/८ आणि १ १/८ इंच लांबीची कुलपे जास्त चालतात. दाराची जाडी पाहून त्यांतले निवडायचे. छिद्र बहुधा पाऊण इंचाचे असते आणि त्याच्या बाजू सपाट असतात. हा सपाटपणा महत्त्वाचा, कारण त्याच्यामुळेच कुलपाचा बाहेरचा भाग जागच्या जागी राहतो. छिद्र घासून गोल झाले असेल, तर पक्कडीत धरून अख्खे कुलूपच फिरवता येते आणि आतल्या पिनांची किंमत शून्य होते. जीभ सरळ हवी की वाकडी, आणि ती चौकटीवर पुरेशी चढते का, हेही तपासावे. गाडीच्या हादऱ्यांनी मागचा नट सैल होतो, म्हणून तिथे दातेरी वॉशर घालणे चांगले.

कुलूप उत्तम, पण दार पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे आणि आत नुसता फोम भरलेला, अशी स्थिती असेल तर चोर किल्लीच्या वाटेला जाणारच नाही. स्क्रूड्रायव्हर किंवा छोटी पहार दाराच्या फटीत घालून तो दार वाकवतो आणि जीभ चौकटीतून निसटते. लांब दाराच्या मध्यभागी एकच कुलूप असेल तर दोन्ही कोपरे मोकळेच राहतात, म्हणून अशा दाराला दोन टोकांना दोन कुलपे हवीत. जीभ जिथे अडकते तिथे चौकटीच्या आतून स्टीलची पट्टी लावली तर वाकवणे बरेच अवघड होते. बिजागरीचे स्क्रू बाहेरून दिसत असतील, तर ते काढून रिव्हेट ठोकावेत किंवा उलटे न फिरणारे स्क्रू बसवावेत. काही जण व्हॅनसारखे कडी-कोयंड्याचे जाड कुलूप दारावर चढवतात. मागे भक्कम पट्टी नसेल तर कोयंडा पत्र्यासकट उपटून येतो, आणि दारही वाया जाते.

पुष्कळ गाड्यांत एक कप्पा डावीकडून उजवीकडे आरपार जातो. त्याचे एका बाजूचे दार उघडे राहिले तर दुसऱ्या बाजूच्या कुलपाला अर्थ उरत नाही. त्याहून गंभीर म्हणजे पलंगाखालचा कप्पा. पलंगाची फळी आतून उचलता येते, म्हणजे बाहेरच्या कप्प्यात शिरलेला माणूस फळी ढकलून थेट झोपण्याच्या जागी येऊ शकतो. त्या फळीला आतल्या बाजूने खटका लावणे हे कप्प्याइतकेच घराचेही संरक्षण आहे.

पाणी भरण्याच्या तोंडाला किल्लीचे झाकण असावे, कारण तिथून टाकीत काहीही टाकता येते आणि ते पाणी लोक पितात. बॅटऱ्यांचा प्रश्न वेगळा. लेड-अॅसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून तिच्या कप्प्याची हवेची वाट बंद करू नये. लिथियम बॅटऱ्या महाग असल्याने चोरांना जास्त प्रिय. त्या शक्य तर गाडीच्या आत हलवाव्यात किंवा खास बोल्टने जखडाव्यात. गॅसचा कप्पा मात्र कुलूपबंद करू नये. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून कप्प्याच्या तळाची छिद्रे मोकळी हवीत. आग लागली तर अग्निशमन दलाच्या जवानाला झडप एका क्षणात बंद करता आली पाहिजे. टाकी चोरीला जाऊ नये म्हणून ती बुडाशी किंवा कड्याने आवळता येते, पण झडपेपर्यंत हात सहज पोहोचलाच पाहिजे.

गाडी महिनोन्‌महिने आवारात उभी राहणार असेल तर महागड्या कप्प्यांची बाजू भिंतीला खेटून लावावी. दार उघडताच इशारा देणारे चुंबकीय सेन्सर हल्ली वायरशिवाय बसवता येतात. जनरेटर, बॅटऱ्या आणि अवजारांचे अनुक्रमांक फोटोसह घरी ठेवावेत. गाडीच्या विम्यात कप्प्यातले सामान अनेकदा धरलेले नसते, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. कुलपात तेल ओतण्याचा मोह टाळावा. तेलाला धूळ चिकटते, ग्रॅफाइटची कोरडी पूड बरी.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा पर्यटनासाठी भाड्याने दिलेल्या गाडीची किल्ली अनेक हातांतून जाते आणि तिची नक्कल कोणी करून घेतली हे मालकाला कळत नाही. त्यामुळे अशा गाडीला किल्ली घालण्याचा आतला गाभा तेवढा बदलता येईल, अशी कुलपे निवडावीत. गाडी मागणीनुसार बांधून घेत असल्यास छिद्राचे माप, चौकटीतली स्टीलची पट्टी आणि दोन कुलपांची जागा पत्रा कापण्याआधी ठरवून घेता येते.