हरवलेला खर्ज

बिघडलेलें यंत्र बहुधा आपला बिघाड आपणच सांगतें. दिवा विझतो, पंखा कुरकुरतो, जळक्या तारेचा वास सुटतो. परंतु घरांतील स्टिरिओच्या दोन स्पीकरांपैकीं एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर यांतलें कांहींच होत नाहीं. दोन्ही स्पीकर वाजतात, खरखर नसते, वास नसतो. आणि तरीहि गाणें निःसत्त्व लागतें. दोष डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून तो पुष्कळदां ऐकणाराच्याच माथीं मारला जातो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत असें घडलें. दिवाणखान्याला रंग द्यावयाचा म्हणून कपाट हलविलें, तारा सोडविल्या, आणि रंग वाळल्यावर मुलांनीं त्या पुन्हां जोडल्या. तेव्हांपासून ऐंशीच्या पुढें गेलेले आजोबा तक्रार करूं लागले कीं, "डग्गा नाहींसा झाला, गवई भिंतीआड बसून गातो आहे." घरांतील सर्वांनीं ही तक्रार वयाच्या खातीं जमा केली. कानांच्या डॉक्टरांकडे जाण्याचीं बोलणीं झालीं, आणि आजोबांनीं तर सकाळचें गाणें लावणेंच सोडून दिलें. वास्तविक त्यांच्या तक्रारींतच त्यांच्या कानांची साक्ष होती. वार्धक्यानें ऐकूं कमी येऊं लागतें तें बहुधा वरच्या, बारीक स्वरांपासून. टाळेचा झणत्कार, बोलण्यांतील 'स' आणि 'श' हे आधीं पुसट होतात. खालचे स्वर पुष्कळ काळ टिकतात. ज्याला झांज ऐकूं येते पण डग्गा येत नाहीं, त्याच्या कानांपेक्षां यंत्राच्या तारांची चौकशी प्रथम करावी.

हें कां होतें तें समजण्यास फार विद्युच्छास्त्र लागत नाहीं. स्पीकरची मूळ रचना शंभर वर्षांत बदललेली नाहीं. १९२५ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनींत राइस व केलॉग या दोघांनीं ती सिद्ध केली. चुंबकाच्या खांचेंत तारेचें हलकें वेटोळें असतें व तें कागदाच्या शंकूसारख्या पडद्याला जडविलेलें असतें. वीज एका दिशेनें वाहिली कीं पडदा पुढें सरतो, उलट वाहिली कीं मागें. पेटीच्या पाठीमागें एक तांबडें व एक काळें अशीं टोंकें असतात. तांबड्यास धन व काळ्यास ऋण बाजू लागली म्हणजे पडदा पुढें यावा, असा आतां सर्वसाधारण संकेत आहे. (जेबीएल या अमेरिकन कंपनीचे कित्येक जुने स्पीकर याच्या नेमके उलट चालतात; पण दोन्ही एकाच जातीचे असले कीं बाध येत नाहीं.) एकाची जोडणी सुलट व दुसऱ्याची उलट झाली, तर एक पडदा हवेला ढकलीत असतां दुसरा तिला ओढूं लागतो.

आवाज हवेंतून सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. सेकंदास ५० कंपनांच्या खर्जाची एक लाट त्या हिशेबानें जवळजवळ सात मीटर लांब भरते. तिच्यापुढें दोन मीटर अंतरावरचे दोन स्पीकर म्हणजे शेजारी शेजारीच बसलेले. त्यामुळें एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खळग्यांत पडतो आणि खर्जाचा बराच भाग खोलींतल्या खोलींतच जिरतो. ३,००० कंपनांची लाट मात्र अर्ध्या वितीएवढीच असते; ती कोठें विरते, कोठें दुणावते, आणि एकंदरींत वरचे स्वर शाबूत राहतात. आजोबांचा डग्गा गेला तो असा.

गवई भिंतीआड गेला त्याचें कारण निराळें. ब्लमलीन नांवाच्या इंग्रज इंजिनिअरानें १९३१ सालीं ज्या युक्तीचें पेटंट मागितलें ती स्टिरिओची युक्ती अशी कीं, दोन्ही बाजूंनीं सारखाच आवाज आला म्हणजे गाणारा बरोबर मध्यें बसला आहे असा मनास भास व्हावा. तारा उलटल्या कीं हा भास मोडतो. आवाज कोठून येतो तेंच कळेनासें होतें, आणि मान किंचित् वळविली तरी तो जागा बदलतो. कित्येकांचें या घोळानें डोकेंहि दुखतें. आम्हांस तरी दहा मिनिटांवर तें सहन होत नाहीं.

परीक्षा घरच्या घरीं होते. एकवाहिनी ध्वनिमुद्रण निवडावें. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मुळांत तशाच आहेत, किंवा रेडिओवर एकटा निवेदक बोलत असला तरी चालेल. दोन्ही स्पीकर चार बोटांच्या अंतरानें समोरासमोर ठेवावे व खर्ज नीट ध्यानांत घ्यावा. मग अँप्लिफायर पूर्ण बंद करून, एकाच स्पीकरच्या तारांची, आणि तीहि एकाच टोंकाला, अदलाबदल करावी व पुन्हां ऐकावें. ज्या जोडणींत आवाज भरदार तीच खरी. दोन्ही टोंकांना अदलाबदल केली तर मूळपदावर येण्याचें समाधान तेवढें मिळतें! उपर्युक्त घरीं या सगळ्याला दहा मिनिटेंहि लागलीं नाहींत. आजोबांनीं डोळे मिटून ठेक्यावर बोटें चालविलीं. सुनेनें डॉक्टरांची भेट रद्द केली.

जोडतांना तारेचे सुटे धागे घट्ट पिळावे. एक जरी केस बाहेर राहून शेजारच्या टोंकाला टेकला तरी अँप्लिफायर जळण्याची भीति असते. जोडतारेच्या दोन धाग्यांपैकीं एकावर बहुधा रेघ, उंचवटा किंवा छापील अक्षरें असतात. तो धागा दोन्हीकडे तांबड्यासच लावावा. तारा भिंतींतून नेल्या असून खुणा नसतील, तर त्या अँप्लिफायरपासून सोडवून त्यांच्या टोंकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभरच टेकवावा व दुसऱ्या कोणीं मोठ्या पडद्याकडे पाहावें. पडदा पुढें आला तर सेलच्या धन बाजूचा धागा तोच तांबड्याचा.

दोष फक्त ग्रामोफोन लावल्यावर जाणवत असेल आणि रेडिओवर नसेल, तर स्पीकरांना हात लावूं नये. सुईच्या डोक्यापाशीं चार बारीक तारा असतात: डाव्या वाहिनीच्या पांढरी व निळी, उजव्या वाहिनीच्या तांबडी व हिरवी. यांपैकीं पांढरी व तांबडी या धन समजाव्या. त्यांतील एखादी जोडी उलटली असावी.

पेटी उघडून आंतल्या तारा मात्र कोणीं सरळ करूं नयेत. पुष्कळ पेट्यांत बारीक स्वरांचा लहान स्पीकर मुद्दामच उलट जोडलेला असतो, कारण आवाज वांटून देणारी आंतली मंडळी, म्हणजे कॉइल व कपॅसिटर, दोन्ही भागांना सांध्याच्या जागीं एकमेकांविरुद्ध करून सोडतात. तो उलटेपणा काढला तर त्या सांध्यावर खड्डा पडतो, आणि गाणाराच्या शब्दांची स्पष्टता नेमकी त्याच सुमारास असते.